फ्लेमिंगोवाल्या बाई

"बूट काढा," हे बाईंनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य. दुसरं, "मोजेसुद्धा."

मी नायगावच्या खाडीकडच्या एका रिसॉर्टवर लंगडणारा पक्षी तपासायला गेले होते. पुढच्या बाजूला लग्नाचं लॉन, पोहण्याचा तलाव, आणि मागे मालकांच्या, म्हणजे शेठच्या, हौसेखातर खणलेलं एक तळं. तळ्यात फ्लेमिंगो. थंडीत आपल्या मिठागरांवर उतरतात ते नव्हेत. हे परदेशातून रीतसर परवानगीनं आणलेले, अंगानं जरा लहान आणि रंगानं भडक, पिकलेल्या पपईच्या गरासारखे. माझा आचोळ्याला कुत्र्यामांजरांचा छोटा दवाखाना. फ्लेमिंगोला मी तोवर हातही लावलेला नव्हता. रात्रभर वाचून गेले होते. आणि समोर ही बाई: साठीच्या पुढची, काटक, पांढरी सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीवर पुरुषांचा बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात शिट्टी.

मी बूट काढले. मोजे काढले.

"आता या काठावरून त्या टोकापर्यंत चाला आणि परत या."

काठ सिमेंटचा, खरबरीत. डिसेंबरातली सकाळ, त्यामुळे गारही. परत येईतो तळवे चुरचुरायला लागले.

"काय वाटलं?"

"टोचतंय."

"तुम्ही एकदा चाललात. हे दिवसभर यावरच उभे असतात. आता त्याचा पाय बघा."

मी कराडची. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे डॉक्टरला अनवाणी चालवलं होतं. रागानं कान तापले, पण पक्ष्याचा तळवा उलटा करून पाहिला आणि राग विसरले. मधोमध कठीण गाठ, गाठीला चीर, चिरेत पू. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तर ते माझ्याच पायांना आधी कळलेलं होतं.

मी शेठना सांगितलं की काठावर वाळू टाकायला हवी. ते म्हणाले, बघू. चार दिवसांनी गेले तर वाळूचे डंपर रिकामे होत होते. मी आश्चर्यानं तळ्यावरच्या कामगाराला, हरेश्वरला, विचारलं. तो पाणजू बेटावरचा, पन्नाशीचा, हसताना तोंडावर हात धरणारा.

"बाईंनी शेठला पन चालवला," तो म्हणाला. "दुपारचा. पावन्यांच्या समोर. बूट काडून."

"आणि ते चालले?"

"मंग? बाई सांगतात तर कोन नाय चालनार?"

बाई वसईतल्या एका शाळेत पी.टी. शिकवत होत्या. तीस-पस्तीस वर्षं. वसई-विरारमधली निम्मी मध्यमवयीन माणसं कधी ना कधी त्यांच्यापुढे सावधानमध्ये उभी राहिलेली. लग्न केलं नव्हतं. भावाच्या कुटुंबात, वाडीतल्या घरात राहायच्या. रिसॉर्ट उभं आहे ती जमीन त्यांच्याच घराण्याची. भावानं ती विकली तेव्हा त्या निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. एके सकाळी त्या सरळ रिसॉर्टवर आल्या आणि तळ्याकाठी उभ्या राहून पक्षी बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कामगारांना सूचना द्यायला सुरुवात केली. त्यांना कोणी नेमलं नाही आणि कोणी हटकलंही नाही. "जमिनीबरोबर झाडं आली, विहीर आली, तशा बाई आल्या," असं शेठ म्हणायचे. हसत म्हणायचे, पण बाई जवळ नाहीत ना, हे आधी बघून घ्यायचे.

आपल्याकडे थंडी ती केवढी! तरी उत्तरेचा वारा सुटला की खाडीवर सकाळी बोटं आखडतात. अशा सकाळी बाई उजाडायच्या आत तळ्यावर हजर. सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे असायचे, म्हणजे वारा पिसांच्या आत शिरत नाही. मान पाठीत खुपसलेली आणि एकच पाय जमिनीवर. दुसरा पोटाशी, उबेला. बाई त्यांच्यावरून नजर फिरवायच्या. जो शांतपणे एका पायावर उभा, तो ठीक. जो सारखा पाय बदलतो, त्याच्या तळव्यात काहीतरी आहे. हे लक्षण मीही पुस्तकात वाचलं होतं. पण बाई तेच माणसांना लावायच्या, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"हरेश्वर, एका पायावर."

"बाई, काल नाय घेतली."

"मी विचारलं का? एका पायावर."

तो बिचारा तळ्याच्या काठी एक पाय उचलून उभा राहायचा. हलला, तर त्या दिवशी त्यानं पक्ष्यांचं खाणं कालवायचं नाही, फक्त गवत काढायचं. मला हे फार अपमानास्पद वाटलं. मी बाईंना तसं सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही रात्री झोपला नाहीत का?"

"झोपले. का?"

"एका पायावर उभ्या राहा."

मी राहिले. का राहिले ते आजही सांगता येत नाही. आणि डगमगले, कारण घरी भांडण होऊन मी खरंच झोपले नव्हते. बाई गेल्या, बोअरचा पंप चालू करून आल्या. बोअरचं पाणी थंडीतही कोमट असतं, ते सकाळी तळ्यात सोडलं की वाफ निघते आणि पक्षी एकेक करून पाय खाली ठेवतात. त्या वाफेकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही इथे बसा थोडा वेळ. आज काही तपासू नका." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या घरच्या गोष्टींबद्दल विचारलेलं तेवढंच.

सगळ्या गोष्टी त्यांना कळायच्या असं मुळीच नव्हतं. एका थंडीत त्यांनी निवाऱ्यात पेंढा अंथरला, उबेसाठी. आणि वर पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून! मी बघितलं आणि ओरडलेच. ओल्या पेंढ्यात बुरशी धरते, ती या पक्ष्यांच्या फुप्फुसात गेली की उपाय नाही. बाईंवर आवाज चढवणारी मी बहुधा पहिलीच असेन. हरेश्वर दोन पावलं मागे सरकला. बाईंनी पेंढा उचलला, हुंगला आणि म्हणाल्या, "चूक झाली." मग संध्याकाळपर्यंत स्वतः फावड्यानं सगळा निवारा साफ केला. कोणाला हात लावू दिला नाही. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाल्या, "चूक ज्याची, मैदानाला फेऱ्या त्याच्या."

पक्ष्यांना त्यांनी शाळेतली नावं दिली होती. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, चित्रकलेच्या बाई, क्लार्क. इतिहासाचे सर सदैव मागे राहायचे. सगळ्यात मोठ्या घशाच्या मादीचं नाव संगीताच्या बाई. पहिल्यांदा फोनवर "डॉक्टर, पर्यवेक्षकांना जुलाब होताहेत," असं ऐकलं तेव्हा मी त्यांना माणसांच्या दवाखान्याचा नंबर शोधून देत होते.

रिसॉर्टवर आलेले लोक हमखास एकच प्रश्न विचारायचे. वर जाळी नाही, मग हे उडून कसे जात नाहीत? हरेश्वर सांगायचा, "खायला भेटतं ना इकडे." शेठ सांगायचे, प्रेम लागलंय. एकदा एका चार-पाच वर्षांच्या मुलीनं बाईंना विचारलं. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"यांच्या एका पंखाचं टोक लहानपणीच कापलेलं आहे. त्यामुळे तोल जातो. उडता येत नाही."

मुलगी रडायला लागली. तिची आई चिडली. "अहो, मुलांना असं सांगतात का?"

"मग काय सांगू?" बाईंनी विचारलं. त्या उद्धटपणे बोलत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या आईनं मुलीला उचललं आणि ती निघून गेली.

आता आरशांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

या पक्ष्यांचं एक विलक्षण असतं. थंडी भरात आली की त्यांना नाचायची लहर येते. एक जण मान ताठ उंच करतो आणि डोकं डावी-उजवीकडे झटके देत फिरवतो. मग दुसरा, मग सगळेच. मध्येच कोणी पंख झटकन उघडतो, आतली काळी पिसं दिसतात न दिसतात तो मिटतो. मग सगळे एकमेकांना चिकटून, भराभर पावलं टाकत एका दिशेनं निघतात आणि एकदम वळतात. जोड्या जमण्याआधीची ही तयारी असते. एका पी.टी.च्या बाईंना हे दिसल्यावर काय झालं असेल, विचार करा. त्या याला कवायत म्हणायच्या. काठावर उभ्या राहून पुटपुटायच्या, "डावी रांग ढिली आहे. इतिहास, पावलं."

पण आमची कवायत रंगत नसे. सुरू व्हायची आणि विरून जायची. मी बाईंना कारण सांगितलं होतं: यांना हजारोंच्या गर्दीची सवय, आपला थवा फार लहान. बाहेरच्या काही प्राणिसंग्रहालयांत आरसे लावतात, म्हणजे थवा दुप्पट वाटतो, हेही मीच बोलता बोलता सांगून गेले.

पुढच्या वेळी गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. तळ्याच्या एका बाजूला आरशांची भिंत! कपाटांची दारं, बंद पडलेल्या सलूनचे लांब आरसे, जुनी ड्रेसिंग टेबलं. बाईंनी अख्खी वसई पालथी घालून जमवलेले. कशावर कंपनीचं नाव, कशावर कुणा बायकांनी वर्षानुवर्षं चिकटवलेल्या टिकल्या तशाच. आणि त्या टिकल्यांमधून फ्लेमिंगो चालले होते. खरे आणि आरशातले. माना वर, डोकी झटकत, एकदम वळत. बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला त्या आरशांपेक्षा तेच जास्त अनपेक्षित होतं.

ती थंडी चांगली होती. पुढचीही. त्यानंतरच्या माघात एका जोडीनं काठावर चिखल ओढून घरट्याचा ढीग रचायला घेतला. चित्रकलेच्या बाई आणि क्लार्क. अंडं होईल या आशेनं बाईंनी बोलणंच बंद केलं, जणू आवाजानं बिघडेल.

त्याच माघात लॉनवर एक मोठं लग्न होतं. मुलाचे वडील चंदनसारचे बडे बांधकाम ठेकेदार, मुलगी विरारचीच. मुहूर्त गोरज. शेठनी बाईंना शब्द दिला होता, फटाके वाजणार नाहीत. रविवार होता म्हणून मी पर्यवेक्षकांच्या पायाचं ड्रेसिंग बदलायला गेले होते. मंगलाष्टकं आमच्यापर्यंत ऐकू येत होती. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता पडल्या, सनई सुरू झाली आणि नवऱ्या मुलाच्या मित्रांनी लॉनच्या मागे, आमच्या कुंपणाला लागूनच, आकाशात फुटणाऱ्या बारांची पेटी पेटवली.

पहिल्या बाराला सगळे पक्षी एकदम उठले. म्हणजे उठायला गेले. पंख उघडून पाण्यातून धावले, जसे उडायच्या आधी धावतात, पण त्यांना उडता येत नव्हतं. समोर आणखी एक थवा दिसत होता. आपल्यातला माणूस घाबरला की गर्दीकडे धावतो, तसे ते त्या थव्याकडे धावले.

आरसे कोसळले. काच फुटण्याचा आवाज बारांच्या आवाजातही ऐकू आला. मी आणि हरेश्वर धावलो. संगीताच्या बाई एका कपाटाच्या दाराच्या चौकटीत अडकल्या होत्या. पाय गुडघ्याच्या वर मोडून हाड बाहेर आलेलं. दुसराही पाय कमरेतून निखळलेला. एरवी सगळ्यांना ओरडून गप्प करणारी ती मादी चोच उघडून नुसती माझ्याकडे बघत होती.

मी वेदना थांबवणारं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाय तपासला. पुन्हा तपासला. फ्लेमिंगो दोन्ही पाय गेल्यावर जगत नाही, त्याला आडवं पडून राहता येत नाही. मी बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आता दुखतंय का तिला?" बाईंनी विचारलं.

"नाही. गुंगीत आहे."

"मग थोडं थांबा."

त्यांनी तिला उचललं. एक हात छातीखाली, एका हातात ते लोंबते पाय. मला वाटलं निवाऱ्यात नेताहेत. त्या कुंपणाचं दार उघडून लॉनकडे निघाल्या.

मी "बाई, बाई" करत मागे धावले. त्या रांगोळीवरून, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींच्या मधून, भेटीसाठी लागलेल्या रांगेच्या कडेनं सरळ स्टेजच्या पायऱ्या चढल्या. पांढऱ्या साडीवर रक्त. बॅण्ड वाजतच होता. बाईंनी तोंडानंच शिट्टी धरली आणि वाजवली. दोन तोकड्या, एक लांब.

सगळं गप्प झालं. माझ्या डोळ्यांदेखत नवऱ्या मुलाचे वडील, गळ्यात बोटभर जाडीची साखळी घातलेले ते बडे ठेकेदार, टाचा जुळवून ताठ उभे राहिले. हात मांड्यांना चिकटलेले. त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं.

"तुम्ही बार उडवलेत," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "हिचे पाय मोडले. आता आम्ही हिला मारणार आहोत, कारण दुसरा इलाज नाही. ज्याला बघायचं असेल त्यानं यावं."

कोणी हललं नाही. शेठ गर्दीतून वाट काढत येत होते, चेहरा पांढराफटक. मला जमिनीनं गिळावं असं झालं होतं. कुणाच्या लग्नात, अक्षता पडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच, स्टेजवर मरणारा पक्षी आणि हे बोलणं! मी बाईंचा दंड धरला.

तेवढ्यात नवरी उठली.

"मी येते."

"अगं, काय बोलतेस?" तिची सासू म्हणाली. "अपशकुन आहे. बस खाली."

"माझ्याच लग्नाचे फटाके होते ना, आई? मग मी नको जायला?" तिनं शालूचा घोळ गोळा करून हातावर घेतला. नवऱ्याकडे पाहिलं. तो गोंधळला होता, पण त्यानं तिच्या चपला शोधून तिच्या पायाशी ठेवल्या.

निवाऱ्यात वाळूवर ती मांडी घालून बसली. पक्ष्याची मान तिनं मेंदीच्या हातांवर घेतली. मी भराभर औषध भरत होते.

"नाव काय हिचं?" तिनं विचारलं.

"संगीताच्या बाई," बाई म्हणाल्या.

त्यावर ती हसली नाही. तिनं चोचीवरून एकदा बोट फिरवलं. मी सुई टोचली. मान तिच्या हातात जड झाली. मग तिनं असा प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता.

"बाकीच्यांचं काय?"

बाकीचे लांबच्या कोपऱ्यात एकमेकांत घुसून थरथरत होते. मी तिला खरं तेच सांगितलं. हे पक्षी भीतीनं धावले की नंतर स्नायू निकामी होऊन काही तासांतही कोसळू शकतात. त्यावर औषध जवळजवळ नाही. लागतो तो अंधार आणि शांतता.

ती उठून गेली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. पण जरा वेळानं लॉनवरचे मोठे दिवे एकेक करून बंद झाले. डीजेवाल्यानं वायरी गुंडाळल्या. मुलाचे वडील स्वतः टेबलाटेबलाजवळ जाऊन ओठांवर बोट ठेवत होते. वाढप्यांनी चमच्यांचा आवाज होऊ नये म्हणून ताटं हातातच धरली. एवढी शेकडो माणसं, जरीचे कपडे घातलेली, मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात कुजबुजत जेवली. लहान मुलांना कडेवर घेऊन थोपटत होते. असं लग्न मी पाहिलं नाही, पुन्हा पाहीन असं वाटत नाही. बाई काठावर उभ्या होत्या, सगळ्यांकडे पाठ करून, कोपऱ्यातल्या त्या थरथरणाऱ्या पुंजक्याकडे बघत. दुसरा एकही पक्षी गेला नाही.

सकाळी मी आले तेव्हा बाई आणि हरेश्वर फुटलेल्या काचा वेचत होते. न फुटलेले आरसेही काढून उताणे ठेवलेले. रचलेलं घरटं तुडवलं गेलं होतं. मी समजूत घालायला म्हटलं, "बाई, त्या पोरांनी शब्द पाळायला हवा होता."

"बार त्यांनी उडवले," बाई म्हणाल्या. "आरसा मी ठेवला होता."

"त्याची कल्पना मी दिली होती."

"कल्पना पुष्कळ जण देतात. ठेवला मी." त्यांनी तळहातातला काचेचा तुकडा बादलीत टाकला. "नसलेल्या पक्ष्यांबरोबर मी यांना कवायत करायला लावली. संकट आलं तेव्हा ते त्या पक्ष्यांकडेच धावले. डॉक्टर, हे पक्षी इथून घालवायचे. मोठा थवा असेल तिथे."

मी थक्क झाले. एवढे हिवाळे उजाडण्याआधी येऊन ज्यांनी हे पक्षी राखले, त्या बाई हे म्हणत होत्या! मी भांडले. म्हटलं, आरसे नकोत तर नकोत, नवीन पक्षी आणू, कुंपण उंच करू. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्यांना मी लागते असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. त्यांना गर्दी लागते."

शेठ आधी रागानं पक्षी काय, बाईंनाच घालवणार होते. पण अंधारातल्या लग्नाचे फोटो कोणीतरी सगळीकडे पाठवले आणि लोक रिसॉर्टवर फोन करून विचारायला लागले, आमचंही असं शांत लग्न करून द्याल का? मग शेठना पक्षी सोडवेनात. बाईंनी वाद घातला नाही. त्या रोज सकाळी शेठच्या ऑफिसात जाऊन उभ्या राहायला लागल्या. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. शेठ फोनवर असोत, जेवत असोत, पाहुण्यांशी बोलत असोत, समोर बाई उभ्या. पावसाळ्याआधीच शेठनी हात टेकले. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयाशी मी बोलणी केली. परवानग्या मिळेतो पुन्हा थंडी आली, आणि प्रवासाला थंडीच बरी.

नेण्याच्या सकाळी आम्ही एकेक पक्षी धरला. यांना पायांना धरायचं नसतं, पंख अंगाशी दाबून छातीशी घ्यायचं. डोक्यावर सैल मोजा घातला की अंधार होऊन ते शांत होतात. बाई प्रत्येकाला स्वतः उचलून गाडीतल्या कप्प्यात उभं करत होत्या. मुख्याध्यापक. क्लार्क. पर्यवेक्षक. हरेश्वर हमसून हमसून रडत होता. इतिहासाचे सर शेवटपर्यंत सापडेनात, सगळ्यांच्या मागे राहिलेले. बाईंनी त्यांना कप्प्यात ठेवलं, डोक्यावरचा मोजा नीट केला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हॉर्न वाजवायचा नाही. ब्रेक दाबताना अंडी नेतोयस असं समज." गाडी वळणाआड गेली. बाईंनी हरेश्वरला पंप बंद करायला सांगितलं आणि साडीचा पदर खोचून घरी चालत गेल्या. त्यानंतर त्या रिसॉर्टवर कधी आल्या नाहीत.

मी काळजीत होते. वाटायचं, आता बाई खचणार. दोनदा वाडीत घरी गेले, तर एकदा शेजारच्या बायकांना गुडघ्यांचे व्यायाम शिकवत होत्या आणि एकदा भेटल्याच नाहीत. पक्ष्यांबद्दल एक शब्द नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा त्या प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरांचा फोन आला. मी दवाखाना बंद करून स्कूटर काढली आणि वाडीत गेले. भावजय म्हणाली, पापडी गावच्या बाजारात गेल्यात. बाजार भरात होता. बाई एका भाजीवालीपुढे वाकून कोनफळं निवडत होत्या.

"बाई, फोन आला होता. तिकडून." मला धाप लागली होती. "सगळे ठणठणीत आहेत. तिथल्या थव्याची कवायत सुरू झालीय. आपलेही आहेत त्यात."

"आपले कोणते?"

"तेच तर. ते म्हणाले, इतके मिसळून गेलेत की पायातल्या कड्यांवरचे नंबर वाचल्याशिवाय आपले कोणते ते ओळखता येत नाही."

बाईंचा हात थांबला.

"ओळखता येत नाही?"

"नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रडतील, हसतील, निदान पर्यवेक्षकांच्या पायाचं विचारतील. त्यांनी हातातलं कोनफळ उलटंसुलटं केलं, नखानं साल खरवडून आतला जांभळा रंग पाहिला.

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि ते कोनफळ भाजीवालीच्या तागडीत ठेवलं.